अकरा घरांचा हिशोब

फेब्रुवारी २०१९ मध्ये मी आमच्या गल्लीतल्या अकरा घरांच्या टीव्हीचा हिशोब मांडून दिला. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. आज तो हिशोब चुकीचा होता, असं मी म्हणतो. बेरीज बरोबर होती, चुकलं ते मी काय मोजलं ते.

आम्ही कोपरखैरण्याला सिडकोच्या छोट्या घरांच्या वस्तीत राहतो. आजूबाजूला बहुतेक सातारा-सांगलीकडची माथाडींची घरं. माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, पाटण तालुक्यातले. उमेदीची वर्षं मस्जिद बंदरला पाठीवर गोण्या वाहिल्या आणि बाजार तुर्भ्याला हलला तसे तेही खाडी ओलांडून इकडे आले. मी महाप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हिशोबनीस आहे. त्यामुळे गल्लीत कुणाचं वीजबिल जास्त आलं, कुणाला फंडाचा फॉर्म भरायचा असला की माणसं माझ्याकडे येतात. टीव्हीचा नवा नियम आला तेव्हाही तशीच आली.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मार्च २०१७ मध्ये काढलेली नवी दरपद्धत बऱ्याच कोर्टकचेरीनंतर १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली होती. त्याआधी व्यवहारात छत्रीवाली कंपनी देईल तो पॅक घ्यायचा, एवढंच आपल्या हातात होतं. नव्या नियमात प्रत्येक सशुल्क वाहिनीची छापील किंमत जाहीर करणं बंधनकारक झालं. नेटवर्कचं भाडं जास्तीत जास्त १३० रुपये, त्यात १०० साध्या वाहिन्या. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. मग हवी ती सशुल्क वाहिनी सुटी निवडायची आणि तिचे वेगळे पैसे द्यायचे. 'जे बघाल त्याचेच पैसे भरा', हे वाक्य तेव्हा सगळीकडे ऐकू येत होतं. मला ते मनापासून पटलं होतं.

कांद्याच्या गोणीत वरती निवडक माल आणि खाली फुटका, हे आमच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी लोकांना तेच सांगायचो. 'फॅमिली पॅक' म्हणजे तसली गोणी. तीन वाहिन्या तुमच्या कामाच्या, बाकीच्या तुमच्या गळ्यात मारलेल्या. गोणी घेऊ नका, निवडून घ्या.

आमच्या घरी तेव्हा महिन्याला ३८० रुपयांचा पॅक होता. मी वही घेतली, आठ दिवस संध्याकाळी घरात काय लागतं ते टिपलं आणि चार वाहिन्या ठेवल्या. तीन मराठी करमणुकीच्या, एक धाकट्याची कार्टूनची. झी मराठी तेव्हा १९ रुपयांना होती, म्हणजे कर धरून २२ रुपये ४२ पैसे. बाकीच्या तीन त्याहून स्वस्त. सगळं मिळून दोनशे पाच रुपयांच्या आसपास. महिन्याला पावणेदोनशे रुपये वाचले. हीच पद्धत मी आणखी दहा घरांना लावून दिली. शेवटच्या घरातल्या मावशी एकट्याच राहायच्या. त्यांना मी म्हणालो, "मावशी, तुम्हाला कशाला हवेत एवढे चॅनल?" आणि त्यांचा टीव्ही फुकट वाहिन्यांवर आणून ठेवला. १५३ रुपये ४० पैसे. गल्लीतला सगळ्यात कमी आकडा. तो मी सगळ्यांना सांगत फिरलो.

वर्षभर घरात कुणी काही बोललं नाही. मी ती संमती समजलो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कारखाना बंद झाला आणि लग्नानंतर प्रथमच मी दिवसच्या दिवस घरात बसलो. चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी आण्णा आंघोळ करून, गंध लावून टीव्हीसमोर येऊन बसले. रिमोट हातात घेतला आणि बोटाने चाचपत एक नंबर दाबला. पडद्यावर निळा चौकोन आला, आत इंग्रजीत चार ओळी. आण्णा थोडा वेळ बघत बसले. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि जपमाळ घेतली.

मी विचारलं, "काय लावत होता?"

"कीर्तन. पर सिग्नल न्हाय. लय दिवस झालं, न्हायच लागत."

सिग्नल होता. छत्री आग्नेयेकडे तोंड करून व्यवस्थित उभी होती, आभाळ निरभ्र होतं. आमच्याकडे पावसाळ्यात सिग्नल जातो, हे आण्णांना माहीत आहे. छत्रीवर उतरणाऱ्या लहरी इतक्या आखूड असतात की मोठ्या सरीतलं पाणी त्या शोषून घेतं. जुलैत जोराची सर आली की पडद्यावर असाच चौकोन येतो आणि पाऊस ओसरला की चित्र परत येतं. म्हणून आण्णा दर पावसाळ्यात थांबतात तसे थांबले होते. ही वाहिनी तुम्ही घेतलेली नाही, असं त्या चौकोनात लिहिलं होतं. पण ते इंग्रजीत. ते वाचून दाखवायला सकाळी घरात कुणी नव्हतं, कारण मी कारखान्यात, बायको पाण्याच्या आणि डब्यांच्या गडबडीत, मुलं शाळेत.

ती वाहिनी झी टॉकीज होती. वहीत तिच्यापुढे मी फुली मारून लिहिलं होतं, 'सिनेमा – कुणी बघत नाही.' संध्याकाळी खरंच कुणी बघत नव्हतं. पण त्या सिनेमाच्या वाहिनीवर सकाळी कीर्तन लागायचं. आमच्या घरी माळकरी माणूस आहे. गुडघे गेल्यामुळे त्यांची वारी बंद झाली होती. त्यांच्या दिवसातला तो एक तास मी फुलीने खोडून टाकला होता आणि वर्षभर मला पत्ता नव्हता.

त्या दिवशी मी वही परत काढली. ती आठ संध्याकाळची वही होती, सात ते दहाची. त्यात मी घरी असतानाचं घर होतं. मी नसतानाचं घर दिवसाला अकरा-बारा तास चालत होतं आणि त्याची एकही ओळ मी लिहिली नव्हती.

मग एकेकाला विचारायला लागलो. मुलगी शाळेच्या संघातून कबड्डी खेळते. २०१९ च्या जुलैत प्रो कबड्डीचा हंगाम सुरू झाला तेव्हा ती रोज संध्याकाळी मैत्रिणीकडे जायची. अभ्यासाला जाते, अशी माझी समजूत. खेळांची वाहिनी तिने मागितली कशी नाही, असं मी आईला विचारलं. आई म्हणाली, "तू पैशे वाचवल्यालं सगळ्यास्नी सांगत हुतास. ती कुठल्या तोंडानं मागंल?"

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मी कुठे बघते? मी ऐकते." स्वयंपाकघर आणि टीव्ही यांच्यात आमच्याकडे एक भिंत आहे. साडेसातच्या मालिकेचे संवाद ऐकत ती पोळ्या लाटते. दुपारी भांडी घासताना हिंदीतल्या जुन्या गाण्यांची एक वाहिनी लावून ठेवायची, तीही मी काढली होती. टीव्हीसमोर बसलेली माणसं मी मोजली होती. भिंतीपलीकडून ऐकणारं माणूस माझ्या मोजणीत आलंच नाही.

आता त्या घोषणेबद्दल. वाहिनीची किंमत छापील हवी, ग्राहकाला दिसायला हवी, हे माझं मत आजही कायम आहे. २०१९ च्या आधीच्या अंधारापेक्षा ते नक्कीच चांगलं झालं. पण 'जे बघाल त्याचेच पैसे' हा न्याय एका माणसाला लागू पडतो. सहा माणसांच्या घरात 'बघणारा' म्हणजे कोण? ज्याच्या नावावर जोडणी आहे, तो? जो रिचार्ज मारतो, तो? आमच्या घरी ही दोन्ही माणसं मीच होतो, आणि टीव्ही सगळ्यात कमी बघणाराही मीच. गावच्या चावडीवर ज्याला जायचं त्याने पट्टी द्यावी, असं कुणी म्हणत नाही. घरातला एकुलता एक टीव्ही हा तसाच सामाईक असतो. फॅमिली पॅकमध्ये ज्या 'नको असलेल्या' वाहिन्या होत्या, त्यातल्या निम्म्या कुणाला तरी हव्या होत्या. मी चुकीच्या माणसाला, म्हणजे स्वतःला, विचारून गोणीतला माल फुटका ठरवला होता.

काढलेल्या वाहिन्या सुट्या परत घ्यायला गेलो, तेव्हा हिशोबाचीही दुसरी बाजू कळली. एक-एक करून घेतल्या तर आकडा भराभर जुन्या पॅककडे चढत होता. त्याच वाहिन्या प्रसारक कंपनीच्या तयार पॅकमधून घेतल्या तर निम्म्याच्या आसपास. हे का, ते शोधलं. पॅकवर सुट्या किमतींच्या बेरजेपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त सूट देऊ नये, अशी अट ट्रायने मुळात घातली होती. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात ती टिकली नाही. मग प्रसारकांनी सुट्या वाहिनीचा दर वर ठेवला आणि पॅकवर मोठी सूट दिली. ऑगस्ट २०१९ च्या सल्लापत्रात ट्रायनेच लिहिलं की पॅकवर ७० टक्क्यांपर्यंत सूट दिली जाते. म्हणजे मी गल्लीत 'सुटं घ्या, सुटं स्वस्त' सांगत होतो, तेव्हा सुटं महाग पडावं अशीच बाजाराची मांडणी झाली होती. सूट जास्तीत जास्त ४५ टक्के, हे बंधन पुढे नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीने आलं. मी हिशोबनीस आहे, मला हे पहिल्याच महिन्यात दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मी फक्त कमी करायला बसलो होतो. चार वाहिन्यांत दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच पडतात, दहा वाहिन्यांत फरक दिसतो.

एक गोष्ट मात्र टाळेबंदीच्या त्याच मार्चमध्ये, २०२० साली, ग्राहकाच्या बाजूने झाली होती. १३० रुपयांच्या भाड्यात १०० ऐवजी २०० वाहिन्या मिळायला लागल्या होत्या आणि दूरदर्शनच्या अनिवार्य वाहिन्या त्या मोजणीच्या बाहेर. त्यामुळे एप्रिलमध्ये मी नवा पॅक घेतला तो तीनशेच्या आत बसला. मराठीचा तयार पॅक, त्यात कीर्तनवाली वाहिनी, शिवाय खेळांची एक आणि गाण्यांची एक. दूरदर्शनने २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा लावलं होतं, त्याचे तर वेगळे पैसेच नव्हते. त्या काही आठवड्यांत आमचं सगळं घर एका वेळी एका खोलीत बसायचं.

स्वस्त पॅक ही गोष्ट क्षुल्लक नाही, हे मला निक्षून सांगायचं आहे. आमच्या वस्तीत महिन्याचे दीडशे रुपये म्हणजे एका मुलाच्या वह्या. ते वाचवावेत असं वाटण्यात गैर काही नव्हतं. पण कंपन्यांच्या 'फॅमिली' नावाच्या स्वस्त पॅकमध्येही बहुधा मालिका, सिनेमा आणि कार्टून असतं आणि खेळ वगळलेला असतो. खेळ हा जणू कुटुंबाचा भाग नाही, एकट्या बाप्याची चैन आहे. मुली कबड्डी आणि क्रिकेट खेळतात, बघतात, हे ती यादी करणाऱ्यांनाही दिसलेलं नसावं. त्यांनीही माझ्यासारखीच संध्याकाळची वही केली असेल. आणि वाहिनी बंद असल्याचा तो निळा चौकोन महाराष्ट्रात मराठीत का येऊ नये? पॅक बदलला की नंबरांची छापील मराठी यादी हातात का मिळू नये? म्हातारी माणसं वाहिनी नावाने ओळखत नाहीत, नंबराने ओळखतात. नंबर हलला की त्यांच्यासाठी वाहिनी हरवली. या दोन साध्या सोयी झाल्या असत्या, तर आण्णांचं वर्ष वाया गेलं नसतं.

आता आमच्या टीव्हीशेजारी भिंतीवर एक पुठ्ठा आहे. त्यावर मोठ्या आकड्यांत नऊ नंबर आणि प्रत्येकापुढे एक चित्र. वीणा, चेंडू, चित्रपटाची पट्टी. चित्रं मुलीने काढली. गावच्या घरी फुकट वाहिन्यांची सरकारी डीडी फ्री डिशची छत्री बसवली, तिला महिन्याचे पैसे लागत नाहीत. 'ती गरिबांची', असं मी पूर्वी म्हणायचो. ते म्हणणंही मी मागे घेतलं आहे. आण्णा गावी गेले की त्यावर सह्याद्री लावून शेतीचे कार्यक्रम बघतात आणि मला फोन करून खतांचे भाव सांगतात.

टाळेबंदी उठल्यावर मी त्या दहा घरी गेलो. 'तुमचं दिवसा कोण बघतं?' एवढंच विचारायचो आणि गप्प बसायचो. एका घरी पक्षाघाताने अंथरुणावर असलेले काका निघाले. दिवसभर त्यांच्यासमोर एकच वाहिनी चालू असायची, कारण बाकीच्या मी काढल्या होत्या. एका घरी सून म्हणाली, "दादा, तुम्ही लिहून दिलं म्हणून आम्ही काही बोललो नाही." तीन घरांनी माझी जुनीच यादी ठेवली. त्यांना ती खरोखर पुरत होती. बाकीच्यांना यादी बदलायला मी मदत केली. आकडे वाढले, कुठे चाळीस रुपयांनी, कुठे नव्वद. कुणीही मला बोल लावला नाही.

मावशींच्या घराला कुलूप होतं. टाळेबंदीच्या आधीच त्या लेकीकडे कराडला गेल्या होत्या आणि परत आल्या नाहीत. घर आता भाड्याने दिलंय. वर्षभर त्या एकट्या त्या १५३ रुपये ४० पैशांच्या टीव्हीसमोर काय बघत होत्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. लेकीचा नंबर मी शेजारून घेऊन ठेवला आहे. त्यावर अजून फोन केलेला नाही.