कागदाचे स्थान आणि कागदाची ओळख

मोडी कागदपत्रांचे संगणकीय जतन करणाऱ्या पुण्यातील एका संस्थेत काम करीत असताना, संग्रह वाढत जातो तसतसे कागद कोठे ठेवला आहे याचे महत्त्व कमी होत जाते आणि तो कागद कोणता आहे याचे महत्त्व वाढत जाते, ही गोष्ट माझ्या मनावर कायमची ठसली. ज्या शहरातील पेशवे दप्तराच्या कोट्यवधी कागदांतून निवड करून गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासूनच्या अवघ्या काही वर्षांत ४५ खंड सिद्ध केले, त्या शहरात ही जाणीव काही नवी नव्हे.

आमच्याकडे पानांची छायाचित्रे, लिप्यंतरांचे मसुदे, जाणकारांच्या वाचनाची ध्वनिमुद्रणे, अशी तक्त्याच्या रकान्यांत न बसणारी सामग्री दिवसेंदिवस साचत होती, आणि ती सारी फोल्डरांच्या उतरंडीत ठेवलेली होती. एखादी सनद गावाच्या फोल्डरात घालावी, सालाच्या, की वतनदाराच्या घराण्याच्या, हा वाद रोजचा; एके ठिकाणी ठेवली तर दुसऱ्या वाटेने येणाऱ्या अभ्यासकाला ती सापडत नसे, आणि दोन्हीकडे ठेवली तर दुरुस्ती एकीत होऊन दुसरी तशीच राही. शिवाय फायलींची संख्या बेसुमार झाली की, प्रत्येक फाइलचा मार्ग शोधण्यातच यंत्राचा वेळ जातो. छायाचित्रांच्या प्रचंड साठ्यामुळे याच अडचणीत सापडलेल्या फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१० साली ‘हेस्टॅक’ नावाची निराळी रचना सविस्तर मांडली होती.

आम्ही ‘सेफ’ या मुक्त प्रणालीवर ऑब्जेक्ट स्टोरेजची तजवीज केली. तीत फोल्डरांची उतरंड नाही. प्रत्येक पान ही एक स्वतंत्र वस्तू, तिच्यासोबत तिचा तपशील आणि तिची एकमेव किल्ली. देवळाबाहेर पादत्राणे देऊन बिल्ला घ्यावा आणि जोड कोणत्या खणात ठेवला याची चिंता राखणदारावर सोडावी, तसाच हा व्यवहार. तपशीलांची स्वतंत्र सूची आम्ही तयार केल्यामुळे तीच सनद गावावरून, सुहूर सनातील सालावरून किंवा घराण्यावरून, एकच प्रत राखूनही, हाती येऊ लागली.

रक्षणाचा बंदोबस्तही मला मोलाचा वाटला. एका वस्तूचे आठ तुकडे करून, त्यांच्यापासून गणिताने काढलेले आणखी चार जोडून, बारा निरनिराळ्या यंत्रांवर ठेवले, तर त्यांतील कोणतेही चार नष्ट झाले तरी मूळ पान जसेच्या तसे उभे राहते, आणि जागा दीडपटच लागते. तीन पूर्ण प्रती ठेवाव्या तर ती तिप्पट लागली असती. क्षणोक्षणी बदलणाऱ्या हिशेबाच्या नोंदींना मात्र ऑब्जेक्ट स्टोरेज सोयीचे नाही, कारण वस्तूतील एखादी ओळ बदलण्याऐवजी सामान्यतः सबंध वस्तूच नव्याने ठेवावी लागते. पण ज्या दस्तऐवजात पुढे कोणी हात घालूच नये, त्याला हे बंधन उपकारकच ठरते.

तथापि, तपशील कोरा ठेवून जमा केलेले पान सुरक्षित राहूनही हरवलेलेच असते. कागद कोणाचा, कोणत्या प्रसंगाचा, त्यातील सुहूर सन इसवी सनाच्या कोणत्या वर्षी येतो, हे मोडी वाचणाऱ्या माणसानेच खातरजमा करून लिहावे लागते. म्हणून यंत्रांसाठी मंजूर होणाऱ्या प्रत्येक रकमेबरोबर मोडी वाचकांच्या वेतनाचीही तरतूद झालीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.