दोन सुट्ट्यांचा धनी

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकाच्या खुर्चीला अधिकार असे फार नसतात. शिक्षक वरून येतात, बदल्या वरून होतात, खिचडीचा तांदूळ वरून येतो, परीक्षेचं वेळापत्रकही आता वरूनच येतं. मात्र जूनमध्ये सुट्ट्यांची यादी हातात पडते तेव्हा रविवार, दिवाळी, उन्हाळा, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक सुट्ट्या असं सगळं संपल्यावर तळाशी एक ओळ असते : मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्ट्या, २. शहरातल्या माणसाला हसू येईल, पण त्या दोन दिवसांपुरता मी गावचा राजा असतो. सरपंच सहज आल्यासारखं करून डोकावून जातात. भजनी मंडळातले म्हातारे चहाला बोलावतात. वर्षभर माहितीचे तक्ते भरणाऱ्या माणसाला एवढं ऐश्वर्य पुष्कळ झालं.

पहिली सुट्टी मी येळवशीला देतो. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर-धाराशिवकडे मोठा सण, आणि बीड जिल्ह्याच्या आमच्या टोकालाही तिचं वेड आहे. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप उभी राहते, आत पाच पांडव मांडतात, भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील घेऊन घरंच्या घरं वावरात जेवायला जातात. दुसरी सुट्टी चैत्रातल्या जत्रेची. आमच्या शाळेचं वर्ष समजून घ्यायचं तर या दोन सुट्ट्या शेजारी ठेवाव्यात. येळवशीला आमचं गाव अर्धं असतं, जत्रेला पुरं होतं.

बालाघाटाच्या या माळावर पूर्वी म्हणत, पाऊस पडला तर कापूस, नाही पडला तर कोयता. आता पडला तरी कोयताच. उन्हाळ्यात लग्नाला, दवाखान्याला, घराच्या पत्र्यांना ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती अंगावर फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबातला एक कोयता. दसरा झाला की ट्रक येऊ लागतात. आधी पीठ-मिठाचे डबे चढतात, मग सरपण, कोंबड्या, एखादी शेळी, आणि सगळ्यात शेवटी वर पोरं. कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, सोलापूरला, कुणी थेट बेळगावच्या पलीकडे. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही शाळा उघडतो तेव्हा हजेरीपत्रकावर नावं तीच असतात. सतरंज्यांवर मधे मधे मोकळी जागा दिसते, एवढंच.

शिक्षण हक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीची शाळा वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीची २२० दिवस भरली पाहिजे. आमची भरते. घंटा, परिपाठ, खिचडी, सगळं नेमानं. शाळेचे दिवस पुरे होतात. पोराचे किती झाले, याला त्या तक्त्यात जागा नाही.

हंगामी वसतिगृह हा यावरचा सरकारी उपाय, आणि चांगला उपाय आहे. नावात वसतिगृह असलं तरी आमच्याकडे त्याला वेगळी इमारत नाही. मागे राहिलेली पोरं आजीकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळ शाळेच्या ओसरीत जेवतात. मंजुरी दसऱ्याआधी आली तर मी ट्रकच्या फळीला धरून सांगू शकतो, ‘ठेवून जा पोराला, जेवणाचं मी बघतो.’ उशिरा आली की ट्रक गेलेला असतो. मागून आलेल्या तांदळाचं मग कौतुक काय करायचं?

हिवाळाभर माझ्याकडे पालक म्हणून येतात त्या आज्या. गुडघे धरून पायरी चढतात आणि नातवाला पुढं ढकलतात. ‘गुर्जी, ह्ये मला ऐकंना झालंय. तुमीच दोन ठिवून द्या.’ मारायची परवानगी आता कायद्यानं नाही हे मी त्यांना समजावतो. ‘मग कायद्यालाच सांबाळाया द्या की,’ असं एका आजीनं मला सुनावलं होतं. पालकसभेत इतकं मुद्देसूद कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

मार्च लागतो, शाळा सकाळची होते. कारखान्यांचा पट्टा पडतो आणि एकेक ट्रक माघारी येतो. पोरं उंच झालेली असतात, केस तांबडे, हात पाचटानं ओरखडलेले. कुणी तळावर धाकट्या भावंडाला सांभाळलेलं असतं, कुणी मोळ्या बांधायला हात लावलेला असतो, वाढे विकून आलेल्या पैशांचा हिशेब चौथीतल्या पोराला तोंडपाठ असतो. एकाला कानडीत शंभरपर्यंत आकडे येत होते. प्रगतिपुस्तकात त्यासाठी रकाना नाही. बाकीच्या वर्गाचं वर्ष उतरणीला लागलेलं असतं, उजळणी चालू असते, आणि हे दारात उभे राहून विचारतात, ‘सर, कुठला धडा चालू हाय?’ म्हणजे आम्ही गाशा गुंडाळायला बसतो तेव्हा यांची शाळा उघडते.

२०२५ साली पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं २५ एप्रिलपर्यंत नेल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी चांगलाच आवाज उठवला. एवढ्या उन्हात पेपर? आणि चार-पाच दिवसांत ते तपासून १ मेला निकाल लावायचा कसा? तक्रार खरी होती. पंख्याखाली घामाचे थेंब उत्तरपत्रिकेवर पडू नयेत म्हणून मनगटाला रुमाल बांधून आम्ही गुणांच्या बेरजा केल्या. तरी मनातून मला ते वेळापत्रक आवडलं होतं. (हे संघटनेच्या बैठकीत बोलायची सोय नाही.) परतलेल्या पोरांना एप्रिलचे ते आठवडे पहिल्यांदाच खऱ्या शाळेसारखे मिळाले.

आणि मग १ मे. महाराष्ट्रात हा झेंड्याचा दिवस, आणि शाळकरी पोरांच्या लेखी निकालाचा. आमच्या पटांगणात त्या दिवशी महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन दोन्ही खरोखर हजर असतात. सहा महिने न दिसलेले आई-बाप धुतलेल्या कपड्यांत, भिंतीला धरून उभे असतात. राज्यगीत होतं, लिमलेटच्या गोळ्या वाटतात, प्रगतिपुस्तकं वाटली जातात. बाप प्रगतिपुस्तक उलटं-सुलटं करून बघतो आणि विचारतो, ‘वर गेला न्हवं?’ वर गेलेलाच असतो. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला तेवढी वार्षिक परीक्षेची चाळणी पुन्हा आली आहे, त्यात अडकलेल्याला जूनमध्ये फेरपरीक्षा. या धोरणावर मी दोन्ही बाजूंनी भाषण करू शकतो. पण नोव्हेंबर ते मार्च फडात काढलेल्या पोराला मेमध्ये नापास म्हणणं मला बरोबर वाटत नाही. कुणाची परीक्षा घेतली आणि कुणाला शिक्षा दिली, असं होतं ते.

वर्षअखेरीच्या कामांपैकी जडवस्तूंची मोजणी, शिल्लक तांदळाचा मेळ, ऑनलाइन भरायची माहिती यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दाखल्यांबद्दल आहे. दाखला लिहायला जनरल रजिस्टर काढावं लागतं आणि त्याची जुनी पानं उघडली की मी हटकून रेंगाळतो. जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १ जून, १ जून, १ जून. जन्माची नोंद नसायची. पोरगं डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरू शकलं की सहा वर्षांचं झालं असं ठरायचं, आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून गुरुजी जून टाकून मोकळे व्हायचे. म्हणून तर महाराष्ट्रात ३१ मेला कचेऱ्या-कचेऱ्यांतून निरोपाच्या हारांची गर्दी उडते. बावन्न वर्षांपूर्वी कुण्या गुरुजींनी लिहिलेला जून त्या दिवशी एकदम फळाला येतो. माझीही तारीख तीच. आई म्हणते, ज्वारी काढायला आली होती. म्हणजे मी माघ-फाल्गुनातला.

या आळशी तारखांवर आम्ही पूर्वी हसायचो. आता दाखल्यावर मुलीची जन्मतारीख लिहिताना पेन जपून चालवतो. मे महिना लग्नांचा. आठवी झालेल्या मुलीला पुढच्या हंगामात तळावरच्या खोपीत न्यायला आई-बापाला भीती वाटते, गावात म्हातारीजवळ ठेवायलाही भीती वाटते. त्यातून निघणारी वाट लवकर लग्न लावण्याची. शिवाय लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो. अशा वेळी कुणी १०९८ या बाल-मदतवाहिनीवर फोन केला आणि अधिकारी मांडवात आले, तर वय ठरवायला बऱ्याचदा शाळेतलीच नोंद पुढं येते. निळ्या शाईतल्या त्या तारखेवर एक लग्न थांबलेलं मी पाहिलं आहे. दाखला मागायला बाप एकटाच आला, मुलगी बरोबर नसली, तर मी त्याला बसवून घेतो, पाणी देतो आणि नववीला नाव कुठल्या शाळेत घालणार एवढंच विचारतो. उत्तराला वेळ लागला की मला काय ते समजतं. मग दुसऱ्या दिवशी बाईंना घेऊन त्याच्या घरी जातो.

मे महिन्यात शाळा उघडी ठेवली तर काय होतं, हे आम्हाला २०१६ च्या दुष्काळानं दाखवलं. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा. सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळी भागात सुट्टीतही शाळेतलं जेवण चालू ठेवायला सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात जेमतेम पोरं आली. मग कळलं की खाऊन झाल्यावर ती घरी जात नाहीत. घर पत्र्याचं, तापलेलं. शाळेच्या ओसरीत सावली असते. कुणीतरी कपाटातली गोष्टीची पुस्तकं मागितली, कुणी फळा मागितला. गणवेश नाही, घंटा नाही, हजेरी नाही, आणि तरी पाढे चालले होते. शिक्षकांनी सुट्टी घेऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. वर्षभर दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळून घसा बसलेल्या बाईंना मे महिना त्यांच्या लेकरांसाठी हवाच. पण त्या वर्षापासून सुट्टीत पुस्तकांच्या कपाटाची किल्ली शाळेसमोरच्या किराणा दुकानात असते. पुस्तकं हरवतात. मी ती दरवर्षी ‘जीर्ण’ म्हणून लिहितो.

जूनमध्ये पहिला निबंध ठरलेला : मी सुट्टीत काय केले. वर्षानुवर्षं आंबे, मामाचं गाव, विहिरीत पोहणं. सहावीतल्या एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, ‘माझी सुट्टी दिवाळीनंतर लागते. तिथे मी भाऊ सांभाळते व भाकरी करते. एप्रिलमध्ये माझी सुट्टी संपते. मग मला बरे वाटते.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. शेरा काय द्यावा ते मला सुचलं नाही, म्हणून नुसती सही केली.

तिनं लिहिलं ते कायदा करणाऱ्यांच्याही ध्यानात कुठंतरी असावं. शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरवण्याचं काम शिक्षण हक्क कायद्यानं स्थानिक प्राधिकरणाकडे दिलेलं आहे. विदर्भात जूनचं ऊन सोसत नाही म्हणून तिकडच्या शाळा आपल्यापेक्षा उशिरा उघडतात, आणि ते योग्यच आहे. उन्हासाठी वर्ष वाकवता येतं तर उसासाठी का येऊ नये? आमच्या तालुक्यांपुरती सुट्टी थोडी पुढं-मागं करा, परतलेल्या पोरांना एप्रिल-मेमधे सकाळचे दोन तास द्या, त्या तासांना स्वतंत्र मानधनावर माणूस द्या. माझ्या अधिकारात दोनच दिवस आहेत. तेही मी द्यायला तयार आहे, फक्त जत्रेचा मागू नका.

वाचणारा उसाच्या पट्ट्यातला असेल तर त्याच्याकडे आणखी एक मागणं आहे. दिवाळीनंतर तुमच्या गावाबाहेर खोप्यांचा तळ पडेल. तिथल्या पोरांपैकी काहींच्या आईच्या पेटीत, रेशनकार्डाबरोबर घडी घातलेलं, आमच्यासारख्या कुठल्यातरी शाळेचं शिक्षण हमी कार्ड असतं. ते दाखवलं की दाखल्याशिवाय तुमच्या शाळेत बसता येतं, हे पुष्कळ आई-बापांना माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी फड सोडून पोराला शाळेपर्यंत न्यायला त्यांच्याकडे वेळ नसतो. तुम्ही एकदा तळावर जा, कार्डाची चौकशी करा आणि पोराला आपल्या शाळेतल्या सरांसमोर नेऊन उभं करा. कार्ड नसलं तरी न्या.