शेवटचं दुकान आधी भरा

गोदामाचा सुपरवायझर म्हणजे हातात वही, कानाला मोबाइल आणि तोंडात "आवरा, आवरा", एवढंच काम असणार, असं मी या कामाला लागेपर्यंत धरून चालले होते. आता जो भेटेल त्याला मी गोदामाच्या गोष्टी सांगत सुटते. घरचे तर माझ्यासमोर ट्रकचं नाव काढायला घाबरतात. पण सांगितल्याशिवाय राहवतच नाही! आसनगाव स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर, पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये दिवसभर एवढं डोकं लढवलं जातं, याचा शेजारच्या मुरबाड तालुक्यात वाढूनही मला पत्ता नव्हता.

एकदा आयशरचा ट्रक गोदामाच्या डॉकला लागला होता. किन्हवली, सरळगाव, टोकावडे अशी दुकानं. मी यादी वरून वाचायला घेतली आणि टोळीच्या मुकादम मामांनी तीच यादी खालून वर वाचायला सुरुवात केली. "ताई, शेवटचं दुकान आधी भरा." अर्थातच! टोकावड्याचा माल आत, केबिनच्या भिंतीला, किन्हवलीचा दाराशी. म्हणजे गाडी भरण्याआधी मनातल्या मनात टोकावड्यापासून उलटं शहापूरपर्यंत यायचं. त्यात जड माल खाली, हलका वर. शिवाय किन्हवली आणि सरळगाव उतरून गाडी अर्धी झाली, तरी उरलेलं वजन एका अंगाला कलायला नको. साबणाच्या खोक्यांना चहापूड चिकटवायची नाही, चहा वास ओढून घेतो. विडी न पेटवता नुसती कानावर खोचून, थप्पीकडे एक नजर टाकून मामा हे सगळं ठरवत होते. नंतर संगणकावर मी तोच 'लोड प्लॅन' बघितला. मामांचा जास्त सुटसुटीत होता, हे माझं प्रामाणिक मत.

आणि तारखा! आधी आला तो माल आधी बाहेर, हे कुणालाही कळेल. पण खाण्याच्या मालाला तेवढं पुरत नाही. कालच आलेल्या बिस्किटांची मुदत महिन्याभरापूर्वी आलेल्या बिस्किटांच्या आधी संपणार असेल, तर कालची आधी निघाली पाहिजेत. आलेली तारीख बघायची नाही, जायची तारीख बघायची. पावसाळ्यात पॅलेट भिंतीपासून जरा लांब का ठेवतात, ताडपत्री रिकाम्या गाडीवर पसरून आतून उजेडाकडे का बघतात (भोक असेल तर चांदणं दिसतं), हे एकेक कळत गेलं तसं मला किराणा दुकानात उभं राहणंसुद्धा मुश्कील झालं. दुकानदार मागची पुडी पुढे ओढतोय की पुढचीच देतोय, याकडेच लक्ष!

पण खरी भानगड आहे हवाली करण्यात. माल नुसता पडून असतो तेव्हा त्याला फारसं काही होत नाही. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तो कमी भरतो, फुटतो, हरवतो. म्हणून प्रत्येक जोडावर मोजणी आणि सही. डॉकवर आमची मोजणी, ड्रायव्हरची मोजणी, मग दाराला सील, सीलचा नंबर बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर. पलीकडे उतरवून घेणाऱ्याने आधी नंबर जुळवायचा आणि मगच सील तोडायचं. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत घेतला, तर ई-वे बिलात नव्या गाडीचा नंबर टाकल्याशिवाय चाक हलवायचं नाही. त्या बिलाची मुदतही अंतरावर ठरते, साधारणपणे दर 200 किलोमीटरला एक दिवस. कागद मालाच्या मागे धावतात असं मला वाटायचं. इथे माल कागदाच्या मागे धावतो!

डोक्यात हे खूळ घेऊन मी नाणेघाटात गेले. शाळेच्या सहलीत गेलेच होते. तेव्हा माकडं आणि धबधबा एवढंच बघितलं होतं. आमच्या तालुक्यातल्या वैशाखऱ्याजवळून ही वाट चढते आणि वर जुन्नरकडे निघते. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने घाटावर जायचा. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. तो आहे कशाचा? यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा! गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, सगळं आकड्यांसकट. भारतात सापडलेल्या सगळ्यात जुन्या अंकांमध्ये या लेखातल्या अंकांची गणना होते. अभ्यासक लिपी बघतात, घराणं बघतात. मला तिथे काय दिसलं असेल? दगडात कोरलेलं माल दिल्याचं रजिस्टर! किती दिलं, काय दिलं, नग किती. बाहेर तो दगडी रांजण, ज्याला सगळे जकातीचा रांजण म्हणतात. घाट चढून आलेला तांडा तिथे थांबत असेल, कुणीतरी बैल मोजत असेल, कुणीतरी हुज्जत घालत असेल. सोबतच्या मैत्रिणी सेल्फी काढत होत्या आणि मी त्यांना गेट पास म्हणजे काय ते समजावत होते. पुढच्या वेळी मला नेणार नाहीत बहुतेक.

जकातीवरून आठवलं. आमच्या पट्ट्यात एवढी गोदामं आली कुठून? मुंबईत माल शिरला की जकात लागायची, म्हणून व्यापारी महापालिकेच्या हद्दीबाहेर, भिवंडीत माल उतरवून ठेवायचे आणि लागेल तेवढाच आत न्यायचे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. मग गोदामं बंद पडायला हवी होती ना? उलट झालं. प्रत्येक राज्यात कराच्या सोयीसाठी लहान लहान गोदामं ठेवायची गरज कमी झाली आणि कंपन्यांना मोठी, उंच, ट्रक आरामात वळतील अशी गोदामं हवी झाली. त्यांना जागा लागते, आणि जागा नाशिक हायवेने पडघा, वाशिंद, आसनगाव अशी वर वर सरकत सापडत गेली. त्यात 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा खुला झाला आणि नागपूरपासूनचा 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. कसाऱ्याचा घाट चढण्याऐवजी जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा! ड्रायव्हर लोक टोल आणि डिझेल यांचा हिशोब बोटांवर मांडत अजून वाद घालतात. मला ते वाद ऐकायला फार आवडतात.

या सगळ्यानंतर घरचा भातसुद्धा मला वेगळाच दिसायला लागला. बाबा आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर भात घेऊन निघाले तर मी रजा टाकून मागे! 2025-26 च्या हंगामाला साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. गोणीत परखी खुपसून मूठभर दाणे काढतात, ओलावा बघतात. 17 टक्क्यांच्या वर चालत नाही. म्हणून तर बाबा इतके दिवस खळ्यावर भात उलटापालटा करत होते! पुढे तो भरडाईला गिरणीत जातो आणि एका क्विंटल भातामागे गिरणीवाल्याने 67 किलो तांदूळ सरकारला परत द्यायचा असतो. तिथून गोदाम, तिथून रेशन दुकान. म्हणजे आमच्या खळ्यावरचा दाणा कितीतरी सह्या घेऊन कुणाच्या तरी ताटात पडतो. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू बारदान धर आधी."

एक गोष्ट मात्र या उत्साहातही टोचते. तानसा धरण 1892 चं, भातसा नंतरचं. दोन्ही शहापूर तालुक्यात. मुंबईच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. पुरवठ्याचं याहून मोठं काम आमच्या पट्ट्यात दुसरं नसेल, आणि ते बिनचूक चालतं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका टँकरची वाट बघत हंडे रांगेला लावतात. शंभर किलोमीटरवर पोचवायचं तंत्र येतं आणि चार किलोमीटरवर पोचत नाही, तेव्हा अडचण तंत्राची नसते, यादीत कुणाचं दुकान लिहिलंय याची असते. हे मी आमच्या मॅनेजरसाहेबांना म्हटलं, ते म्हणाले, मोठं बोललीस, आता दोन नंबर डॉक रिकामा कर.

केला की! शिवाय आता पौष पौर्णिमा येतेय. म्हसाची यात्रा म्हणजे गुरांचा एवढा मोठा बाजार. मुरबाडच्या बाजूला जनावरांच्या टेम्पोंनी रस्ते भरणार, छोटा हत्ती टेम्पोसुद्धा मिळायची मारामार. घोंगड्या, भांडी, मिठाई, सगळ्यांनाच गाडी हवी. त्या दिवसांची म्हसा-मुरबाडची दुकानं मी यात्रेच्या आधीच उरकणार आहे, ट्रान्सपोर्टरला तसं सांगून झालंय. तो म्हणतो भाडं वाढेल. मी म्हटलं, परतीचं भाडं तुला यात्रेतून मिळणारच आहे, मग माझ्याकडून दुप्पट कशाला? तो हसला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलात." दर अजून ठरलेला नाही, उद्या सकाळी पुन्हा बसायचं आहे.