ब्रूनोला नेऊ या का यलोस्टोनला?

मुलांनो, ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तुम्ही ऐकली आहे ना? अमेरिकेत कितीतरी कुटुंबं सुट्टीत असंच बिऱ्हाड घेऊन हिंडतात. फक्त ते पाठीवर नसतं, चाकांवर असतं! या चालत्या घराला तिकडे ‘आरव्ही’ म्हणतात. बसएवढ्या गाडीत बिछाने, गॅसची शेगडी, फ्रीज, इवलीशी न्हाणी आणि संडास, असं सारं काही. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी आंघोळीच्या आणि भांड्यांच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. मुक्कामी पोचलं की ठरलेल्या जागी घाण पाणी सोडायचं, चांगलं पाणी भरून घ्यायचं. हे काम कुणालाच आवडत नाही, पण टाळून चालत नाही!

आता असं घर बरोबर असताना घरातल्या कुत्र्याला मागे का ठेवायचं? समजा, तुमची मावशी अमेरिकेत राहते. तिच्याकडे ब्रूनो नावाचा गुबगुबीत कुत्रा आहे आणि तुम्ही सगळे निघालात यलोस्टोनला.

यलोस्टोन म्हणजे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १८७२ साली ते स्थापन झालं. त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ९००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षाही थोडं जास्त! तिथे उकळत्या पाण्याची कुंडं आहेत, उसळणारी कारंजी आहेत; गवे, अस्वलं आणि लांडगे आहेत.

पण ब्रूनोसाठी नियम कडक आहेत बरं का! त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याची दोरी सहा फुटांपेक्षा लांब असता कामा नये. रस्ता, गाड्यांचा तळ किंवा मुक्कामाची जागा यांपासून शंभर फुटांपलीकडे त्याने जायचं नाही. रानातल्या पायवाटा त्याला बंद. गरम कुंडांभोवती लाकडी फळ्यांच्या वाटा केल्या आहेत, त्यासुद्धा बंद. त्याला झाडाला बांधून तुम्ही फिरायला निघून जाल, तर तेही चालत नाही.

तुम्ही म्हणाल, “हा काय अन्याय! बिचाऱ्या ब्रूनोने काय केलंय?”

त्याने काहीच केलेलं नाही. पण निळंशार पाणी दिसलं की कुत्रा काय करतो? धावत सुटतो! आणि इथलं निळंशार पाणी उकळतं असतं. हा प्रदेश इतका उंचावर आहे, की तिथे पाणी सुमारे ९३ अंश सेल्सिअसलाच उकळतं. कुंडाच्या काठची जमीन काही ठिकाणी पापडासारखी पातळ असते. १९८१ च्या जुलै महिन्यात एका तरुणाच्या मित्राचा मोठा कुत्रा गाडीतून सुटला आणि थेट सेलेस्टाइन नावाच्या कुंडात शिरला. लोक ‘नको, नको’ म्हणून ओरडत होते, तरी त्या तरुणाने कुत्र्याला वाचवायला पाण्यात उडी घेतली. कुत्रा वाचला नाही आणि तो तरुणही वाचला नाही. दोरी सहा फुटांची का, हे कळलं ना आता?

दुसरं कारण जंगली प्राण्यांचं. जॉन स्टाइनबेक नावाचा मोठा अमेरिकन लेखक होऊन गेला. १९६० साली तो चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन, मागे छोटंसं घर बसवलेल्या ट्रकमधून देशभर हिंडला. त्या प्रवासावर त्याने पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की चार्ली स्वभावाने अगदी गरीब. पण यलोस्टोनमध्ये रस्त्यावर अस्वल दिसलं मात्र, आणि चार्ली पिसाळल्यासारखा भुंकू लागला, गाडीतून बाहेर पडायला धडपडू लागला. शेवटी स्टाइनबेकने गाडी वळवली आणि तो उद्यानाबाहेर निघून गेला!

चार्ली गाडीत होता म्हणून निभावलं. बाहेर असता तर? अस्वल आणि लांडगा यांच्यापासून माणसांनीसुद्धा निदान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, लांब राहावं असा नियम आहे. फिशिंग ब्रिजच्या आरव्ही तळावर अस्वलं इतकी वावरतात, की तिथे कापडी तंबूत झोपायला मनाईच आहे. आणि लांडगे? माणसांनी इथले लांडगे १९२६ च्या सुमारास संपवून टाकले होते. पुढे १९९५ आणि १९९६ साली कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले, तेव्हा पुन्हा त्यांची कुळं वाढली. कुत्रा हा लांडग्याचाच भाऊबंद. म्हणून ‘डिस्टेंपर’सारखा कुत्र्यांचा रोग लांडग्यांनाही होतो आणि त्यांची पिल्लं दगावतात. तेव्हा निघण्यापूर्वी ब्रूनोला सगळ्या लशी टोचलेल्या हव्यात.

मग ओल्ड फेथफुलचं प्रसिद्ध कारंजं बघायचंच नाही का? बघायचं की! पण पाळीपाळीने. ते साधारण दर दीड तासाने उसळतं. पहिल्या वेळी मावशी आणि तुम्ही जा. तोवर काका आणि ताई ब्रूनोजवळ सावलीत थांबतील. पुढच्या वेळी त्यांना पाठवा. ब्रूनोला बंद गाडीत मात्र कोंडू नका. उन्हात उभी असलेली गाडी बघता बघता भट्टीसारखी तापते.

म्हणजे बघा, कुत्र्याला बरोबर न्यायचं तर प्रत्येकाला आपला थोडा वेळ त्याच्यासाठी राखून ठेवावा लागतो. लांबच्या पायवाटा सोडून द्याव्या लागतात. तुमची तशी तयारी असेल तर ब्रूनोला जरूर न्या. खिडकीशी बसून तो गव्यांकडे टकमक बघत राहील. आणि तयारी नसेल, तर त्याला खुशाल शेजारच्या काकूंकडे ठेवा. तिथे तो सुखात राहील.

पुढच्या सुट्टीत गावाला जाताना तुमच्या घरीही हाच प्रश्न निघेल. तेव्हा ‘आपल्याला काय हवंय?’ याच्या आधी ‘त्याला तिथे झेपेल का?’ हे विचारायला विसरू नका हं!