तळ्याकाठची वाट

मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाऊन आलेल्या आपल्या बायकांना विचारा, काय काय पाहिलंत? बहुतेकजणी स्वयंपाकघरच सांगतात. विजेची शेगडी, भांडी धुण्याचं यंत्र, तिकडचं पीठ कसं वेगळं, बरोबर नेलेले अळीव आणि डिंक कसे पुरवून पुरवून वापरले. मीही बेळगावहून निघाले ती एवढ्याच तयारीनं. लेक-जावई फ्रान्समध्ये दिजोंला असतात. व्हिसा ९० दिवसांचा. बाळंतपण करायचं, बाराव्या दिवशी नातीला पाळण्यात घालायचं, बाळंतिणीचं खाणंपिणं, बाळाचं न्हाऊमाखू, आणि परत यायचं. पण त्या ९० दिवसांतले दोन दिवस मी जंगलातून, तळ्याच्या काठाकाठानं चालले. तेच सांगायचे आहेत.

तिकडे पहिल्या बाळंतपणाला आईला १६ आठवड्यांची रजा मिळते. ६ आठवडे आधीचे, १० नंतरचे. लेकीनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दहावा आठवडा संपतो त्याच्या पुढच्या सोमवारभोवती पेनानं गोल केला होता. त्या दिवसापासून नात सांभाळणाऱ्या बाईंकडे जाणार होती. अशा बाईंना तिकडे लाडानं 'नूनू' म्हणतात. बाईंचं घर दोन गल्ल्या पलीकडे, बाई प्रेमळ, सरकारदरबारी नोंद असलेल्या. सगळं ठरलेलं होतं. पण तो गोल जसा जवळ येऊ लागला तशी लेक बोलेनाशी झाली. बाळाला पाजताना खिडकीबाहेर बघत बसायची. विचारलं की, "काही नाही गं आई." जावई समजूतदार. नववा आठवडा लागला तसा म्हणाला, "आई, चला, दोन दिवस मोर्वांला जाऊन येऊ. लग्नानंतर आम्ही तिथंच चालायला जायचो."

मोर्वां हा बर्गंडीतला डोंगराळ मुलूख. ग्रॅनाइटचा दगड, दाट झाडी, मधूनमधून कुंपणाच्या झुडपांनी आखलेली कुरणं आणि त्यांत चरणाऱ्या पांढऱ्याशुभ्र शारोले गाई. १९७० सालापासून हा भाग निसर्ग उद्यान म्हणून राखला आहे. दिजोंहून गाडीनं दीड-पावणेदोन तास. तिथं ले सेतों नावाचं मोठं तळं आहे, सुमारे ३६० हेक्टरांचं. त्याला पायी वळसा घालायचा तर १५ किलोमीटरच्या आसपास भरतात. आम्ही ते दोन दिवसांत वाटून घेतले. लेकीनं नातीला कापडी झोळीत छातीशी बांधलं. मी दशम्या आणि शेंगाचटणी पाठीवर घेतली. जूनचे दिवस, सूर्य मावळायला साडेनऊ वाजून जायचे. सूर्यास्ताआधी जेवायचा माझा नेम आयुष्यात एवढ्या निवांतपणे कधी पाळला गेला नव्हता.

आपल्या बायकांचं चालणं नेहमी कशासाठी तरी असतं. बाजाराला, मंदिराला, शाळेला, दवाखान्याला. पोचायचं असतं म्हणून चालायचं. इथं पोचायचं कुठंच नव्हतं. जिथून निघालो तिथंच यायचं होतं. पहिला अर्धा तास मला त्याची सवयच होईना. पाय आपले घाईनं पडत होते. मग हळूहळू ते सैल झाले.

वाट चुकायची भीती मात्र वाटली नाही. झाडांच्या बुंध्यांवर, दगडांवर रंगाच्या लहान पट्ट्या काढलेल्या असतात. वर पांढरी आणि खाली तांबडी पट्टी म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळी पट्टी म्हणजे जवळपासचा फेरा, आणि दोन पट्ट्यांची फुली म्हणजे इकडून नको. १९४७ साली ही पद्धत फ्रान्समध्ये सुरू झाली. देशभरातल्या हजारो किलोमीटर वाटांवरचे हे पट्टे चालण्याची आवड असलेले साधे लोक रंगवतात, पगार न घेता. रंग उडाला की पुन्हा डबा-कुंचला घेऊन येतात. मला फ्रेंच येत नाही. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, सगळं लेकीला विचारून. त्या देशात मला कुणाच्या मदतीशिवाय वाचता आली ती ही एकच लिपी. मग मी पुढं झाले. वळण आलं की मी झाड शोधायची आणि हात करायची, "इकडून गं."

आदल्या रात्री पाऊस झाला होता. पायवाटेवर बोटभर लांबीच्या, नारिंगी रंगाच्या गोगलगाई सरपटत होत्या, शंख नसलेल्या. दर चार पावलांवर एक. चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकावं, हे लहानपणी विहाराला निघालेल्या माताजींच्या मागून चालताना शिकले होते. ती सवय इथं कामी आली. मी वाकून बघत चालते आहे हे पाहून समोरून येणारं एक म्हातारं जोडपं थांबलं. बाईंनी काही विचारलं. लेकीनं सांगितलं तशा त्या हसल्या, आणि पुढं गेल्या त्याही खाली बघत.

जंगल दोन तऱ्हेचं. एक बीच आणि ओकचं. त्याखाली नेचे, जांभळ्या घंटांची डिजिटॅलिसची फुलं आणि पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड. दुसरं डग्लस फरचं, इमारती लाकडासाठी लावलेलं. झाडं रांगेत, सरळसोट, आणि त्यांच्याखाली अंधार. गवताची काडी नाही, पाखराचा आवाज नाही. एकातून दुसऱ्यात गेलं की नात झोपेतही हलायची. मग डाव्या हाताला पाणी लकाकायचं आणि पुन्हा मोकळं वाटायचं.

हे तळं निसर्गानं केलेलं नाही. क्यूर नावाच्या नदीवर बांध घालून ते केलं. १८५४ साली काम सुरू झालं, आणि तेही पिण्याच्या पाण्यासाठी किंवा शेतीसाठी नव्हे. पॅरिसच्या चुलींसाठी. सोळाव्या शतकापासून पॅरिसला जळण पुरवायचं ते मोर्वांनं. जंगलात ओंडके तोडायचे, प्रत्येकाच्या टोकाला मालकाची खूण हातोडीनं ठोकायची आणि ओढ्यात सोडून द्यायचे. ठरलेल्या दिवशी वरचं पाणी सोडलं की लोंढ्याबरोबर लाकूड खाली जायचं. पुढं नदी रुंद झाली की ओंडके अडवून, खुणा बघून ते वेगळे करायचे, त्यांचे लांबच लांब तराफे बांधायचे आणि योन नदीतून सेन नदीत, सेनमधून पॅरिसला. तराफे नेणारे गडी पॅरिसला लाकूड सोडायचे आणि घरी परतायचे पायी. हा लोंढा हवा तेव्हा मिळावा म्हणून सेतोंचं पाणी साठवलं. रेल्वे आली, दगडी कोळसा आला आणि १९२० च्या दशकात हे सगळं थांबलं. आता त्या पाण्यावर शिडाच्या होड्या फिरतात आणि काठानं आमच्यासारखी माणसं.

जावई हे सांगत होता तेव्हा बेळगावजवळचा राकसकोप तलाव माझ्या डोळ्यांपुढं आला. नळ सोडला की आमच्या शहरात त्याचं पाणी येतं. कुठून आलं ते कोण विचारतं? पॅरिसमध्ये शेकोटीपाशी बसलेल्यांनी तरी कुठं विचारलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन जरा जास्त होतं, म्हणून आधी जवळच्या आलिन्यी गावातलं संग्रहालय बघितलं. ते दाईंचं संग्रहालय आहे. मोर्वांनं पॅरिसला नुसतं लाकूड दिलं नाही, दूधही दिलं. एकोणिसाव्या शतकात इथल्या बाळंतिणी पॅरिसच्या श्रीमंत घरांत दूध पाजायला जायच्या. आपलं तान्हं मूल सासूकडे, बहिणीकडे, शेजारणीकडे सोपवून. वर्ष-दीड वर्ष परक्याचं लेकरू पाजायचं. फोटोत त्या दिसतात: चांगले कपडे, टोपीला लांबलचक फिती, मांडीवर दुसऱ्याचं बाळ. त्यांनी आणलेल्या पैशांतून गावात जी घरं उभी राहिली त्यांना लोक 'दुधाची घरं' म्हणायचे. उलट दिशेनंही येणं होतं. पॅरिसची टाकलेली, अनाथ मुलं सरकार इथल्या शेतकऱ्यांच्या घरी वाढवायला पाठवायचं. लेखक जां जने हा त्यातलाच, याच आलिन्यीत वाढला.

मागं राहिलेल्या बाळांना गाईचं, बकरीचं दूध पाजायचे. त्यांतली बरीच दगावायची. शेवटी १८७४ साली रूसेल नावाच्या डॉक्टर-खासदाराच्या प्रयत्नानं कायदा झाला. दूध पाजायला बाहेर जाणाऱ्या बाईनं दाखला आणायचा: स्वतःचं मूल सात महिन्यांचं झालं आहे, नाहीतर दुसरी कुणी बाई त्याला पाजते आहे. लेक मला हे वाचून दाखवत होती. 'सात महिने' म्हणाली आणि पुढचं तिला वाचवेना.

दुपारनंतर तळ्याची उरलेली वाट धरली. जावई मुद्दामच बराच पुढं गेला. बऱ्याच वेळानं लेक म्हणाली, "आई, त्या बायकांना कसं जमलं असेल गं?"

मी म्हटलं, "जमलं नसेलच. गेल्या असतील."

मग मी तिला जे कधी बोलले नव्हते ते बोलले. तिच्या वेळी मला शाळेतून तीन महिन्यांची रजा होती. ती संपली त्या सकाळी तिला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि चौथीच्या वर्गावर गेले. पाढे म्हणून घेत होते. शेजारच्या घरात कुणाचं तरी बाळ रडलं आणि माझं पोलकं भिजलं. पदर ओढून घेतला, फळ्याकडे तोंड केलं आणि तेराचा पाढा फळ्यावर लिहीत राहिले. मधल्या सुट्टीत धावत घरी. सासूबाई दारातच उभ्या, तिला घेऊन. काही बोलल्या नाहीत, नुसती माझ्या हातात दिली. असं पाच महिने चाललं. नोकरी सोडावी असं रोज वाटायचं. पगार हातात आला की वाटायचं नाही.

"हे तू कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस की."

ती थांबली. वाटेत एक आडवं पडलेलं झाड होतं, त्यावर बसली आणि नातीला पाजायला घेतलं. यावेळी पाण्याकडे नाही, बाळाकडे बघत. मी तिच्या शेजारी बसून राहिले. वारा पाण्यावरून येत होता. नोकरीवर जाऊ नको असं मी म्हटलं नाही, जा असंही नाही. तिला तिचं काम आवडतं, तिनं ते कष्टानं मिळवलेलं आहे. आणि काम आवडतं म्हणून बाळ सोडताना दुखत नाही, असं थोडंच असतं? मोर्वांच्या बायकांना निवड नव्हती, मला अर्धीमुर्धी होती, हिला आमच्याहून जास्त आहे. दुखणं मात्र तिघींचं सारखंच. ते दुखणं म्हणजे काही बिघडलं असं नव्हे, एवढंच तिला कळायला हवं होतं. आणि ते मला घरात, स्वयंपाकघरात उभ्यानं सांगता आलं नसतं. शेजारी शेजारी चालताना एकमेकींकडे बघावं लागत नाही, म्हणून कितीतरी बोलता येतं.

मला जमलेलं हे पंधरा किलोमीटरांचं चालणं मैत्रिणींनो, तुम्हालाही जमेल. लेकीकडे जाल तेव्हा अळीव जरूर न्या, पण धड बूटही न्या. आणि तिला म्हणा, एक दिवस मला चालायला ने. कुठल्याही देशात एखादी वाट असतेच.

पुढच्या सोमवारी लेकीनं काढून ठेवलेल्या दुधाच्या तीन बाटल्या, त्यांवर तारीख आणि वेळ लिहिलेली, नूनूबाईंच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि ती कामावर गेली. माझं विमान शुक्रवारचं होतं. मी बॅग भरायला घेतली होती. अकराच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे ती रडत होती की हसत होती ते मला अजून सांगता येणार नाही.

"आई," ती म्हणाली, "पोलकं भिजलं."