पाण्याखालचा रस्ता

मुलीकडे हंट्सव्हिलला येऊन तीन आठवडे झाले होते. सकाळी फिरणं, दुपारी झोप आणि शाळेतून येणाऱ्या नातवाची वाट बघणं, एवढाच दिनक्रम. समोरच्या घरातले सत्तरी ओलांडलेले गृहस्थ एका शनिवारी म्हणाले, "उद्या पहाटे बास धरायला चला." मुलीनं फोनवरच माझा मासेमारीचा परवाना काढला.

गंटर्सव्हिल हा अलाबामातला सर्वांत मोठा तलाव, सुमारे 69 हजार एकरांचा. तलाव म्हणायचं इतकंच, खरं तर ती अडवलेली टेनेसी नदी. धरण 1939 साली पुरं झालं. ऑक्टोबरचं धुकं पाण्यावर होतं आणि काठालगत हायड्रिलाचं गवत वरपर्यंत दाटलं होतं. बास गवतात असतो, असं मी ऐकलं होतं. पण गृहस्थांनी बोट गवत ओलांडून मोकळ्या पाण्यात नेली, इंजिन बंद केलं आणि समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. तळाच्या चित्रात एक सरळ पट्टी दिसत होती, दोन्ही बाजूंना चर.

"हा जुना रस्ता. माझे आजोबा यावरून कापसाची गाडी न्यायचे."

गाळात टणक जागा मिळाली की तिथे लहान मासे जमतात आणि त्यांच्यामागे बास येतो, हे त्यांनी समजावलं. गळाला रबरी गांडूळ, पुढे टंगस्टनचं छोटं वजन. फेकायचं, तळाला जाऊ द्यायचं, मग हळूहळू ओढायचं. "डोळ्यांनी नाही, बोटांनी बघा," ते म्हणाले.

पहिल्यांदा नुसता गाळ लागला, मऊ, मुका. मग एकदम तंगुसातून बोटांना कळलं : टक, टक, टक. खडी होती. पंधरा फूट पाण्याखाली कुणाचा तरी रस्ता माझ्या बोटांना लागत होता.

मी विचारलं, "जमिनीचे पैसे मिळाले?"

"जमीन दुसऱ्याची. आजोबा वाट्यानं करायचे. पैसे मालकाला मिळाले, आजोबांना निघायची तारीख."

आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. गाव सोडलं तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, त्यामुळे माझ्या आठवणीत गाव नाही, रायगडातली वसाहत आहे. वडिलांच्या आठवणीत मात्र वाट न् वाट होती. उन्हाळ्यात शिवसागराचं पाणी उतरलं की देवळाचा चौथरा उघडा पडतो, असं गावकरी सांगत. शेवटच्या वर्षी ते म्हणाले होते, "यंदा मे महिन्यात एकदा घेऊन चल." मी म्हणालो, "काय आहे तिथं बघायला, अण्णा? पाणीच तर." ते काही बोलले नाहीत. मे उजाडायच्या आत गेले.

तंगूस एका बाजूला सरकू लागला. गृहस्थ ओरडले, "आता!" मी रॉड उचलला. पाणी फुटलं, हिरव्या पाठीचा, मोठ्या तोंडाचा बास उसळला आणि मान झटकत परत बुडाला. जाळीत आला तेव्हा माझे हात थरथरत होते. खालच्या जबड्यात अंगठा घालून त्यांनी तो धरायला शिकवलं, मोजला : अठरा इंच. मग मला म्हणाले, "तुमचा आहे, तुम्ही ठरवा." मी तो पाण्यात धरला. क्षणभर तो तसाच राहिला, मग शेपटीचा फटकारा देऊन खाली गेला.

परतताना विचारलं, "इथं मासे धरताना कसंतरी होत नाही?"

त्यांनी थोडा वेळ सुकाणूकडे बघितलं. "दुसरीकडे कुठे जाऊ? मला रस्ता इथलाच माहीत आहे."

घरी मुलीनं विचारलं, "किती मिळाले, बाबा?"

"एक. सोडून दिला."

रात्री तिच्याकडून परतीचं तिकीट बघून घेतलं. पोहोचतो जानेवारीत. मेला चार महिने राहतात. सोबत कोण येईल ते अजून ठरलेलं नाही. पण या वेळी मी कुणाला विचारणार नाही की तिथं बघायला काय आहे.