टंच न काढता घेतलेली गिटार

जबलपूरच्या सराफ्यात, कमानिया गेटच्या आसपास एखाद्या दुकानातून मराठी ऐकू आली, तर बोलणारा बहुधा गलाईवाला असतो. विटा, खानापूर, आटपाडीकडची आमची माणसं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन देशभरच्या सराफ्यांत पांगली. मीही त्यातलाच. मामांच्या दुकानात हाताखाली आलो आणि इथलाच झालो. समोरचा माणूस कितीही ओळखीचा असला, तरी त्याच्या मोडीचा टंच काढल्याशिवाय, म्हणजे शुद्धता तपासल्याशिवाय, भाव बोलायचा नाही, हे आमच्याकडे पोराला पहिल्या आठवड्यातच शिकवतात. मला ते चांगलं येत होतं. तरीही गिटार घेताना मी एक तारसुद्धा दाबून पाहिली नाही.

एक कुटुंब गाव सोडून चाललं होतं. पलंग, कपाट, शिलाई मशीन असं सगळं विकायला काढलेलं, आणि कपाटावर कापडी खोळीत ही गिटार. कोलकात्याच्या बनावटीची, पॉलिश उडालेली, पण आवाज मोठा. मी सहाही तारांवरून अंगठा फिरवला, घुमली, म्हणून पैसे मोजले. मालकाने फसवलं असं म्हणता येणार नाही. त्याने काही सांगितलं नाही आणि मी काही विचारलं नाही.

मग सुरू झाला बोटांचा छळ. दुकान बंद झालं की माडीवरच्या खोलीत बसायचं, मोबाइल समोर उभा करायचा आणि व्हिडिओतल्या पोरासारखी बोटं ठेवायची. तो हसत हसत सी कॉर्ड धरायचा. मी तीच धरली की तार दांडीवरच्या फ्रेटपर्यंत, म्हणजे आडव्या धातूच्या पट्टीपर्यंत, पोचायचीच नाही. पोचवायला इतका जोर लागायचा की अंगठ्याच्या बुडापासून कोपरापर्यंत कळ जायची. नायट्रिकच्या कामाने आमची बोटं तशीही पिवळट आणि भेगाळलेली, त्यात तारेचे वळ. सकाळी चिमट्याने मूस उचलताना हात थरथरायचा. मामांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आरं, पैसं देऊन दुखणं इकत आणलंस व्हय?"

मला राग आला, पण आतून बरंही वाटलं. दुखतंय म्हणजे शिकणं चाललंय, अशी माझी पक्की समजूत होती. व्हिडिओवाला पोरगाही सांगायचा की सुरुवातीला बोटं दुखतातच, घट्टे पडले की थांबतं. ते खरंच आहे. पण घट्टे पडून वाळले, सोलून निघाले, पुन्हा पडले, तरी माझी कळ काही थांबेना. तेव्हा तरी शंका यायला हवी होती. मी उलट जास्त वेळ बसायला लागलो.

याहून मोठा घोटाळा सुरांचा. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर लावायचो आणि कॉर्ड धरली की बेसूर. माझा कानच वाईट, असं मी ठरवून टाकलं. कारण साधं होतं आणि ते फार उशिरा कळलं. तार फ्रेटपासून उंच असेल तर दाबताना ती जास्त ताणली जाते, आणि ताण वाढला की सूर चढतो. मी काय करायचो? कॉर्ड बरोबर लागावी म्हणून तारा थोड्या उतरवायचो. मग मोकळ्या तारा बेसूर. पुन्हा चढवायचो. असं खुंट्यांशी झगडण्यात कितीतरी रात्री गेल्या. त्यातच एकदा पहिली तार तोडली. गिटारची सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार आणि पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार, दोन्ही 'ई'च्या, पण त्यांच्यात दोन सप्तकांचं अंतर. मोबाइलचा ट्यूनर नुसतं अक्षर दाखवायचा, सप्तक दाखवायचा नाही. मी पहिली तार तिच्या 'ई'च्याही पुढे, वरच्या सप्तकातल्या 'ई'कडे ओढत नेत होतो. अर्ध्या वाटेतच ती तुटली आणि गालावर ओरखडा काढून गेली. डोळा थोडक्यात वाचला.

आमच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारे बंगाली कारागीर राहायचे, जडावाचं काम करणारे. सगळे त्यांना दादाच म्हणायचे. जबलपुरात बंगाली वस्ती जुनी आहे आणि सराफ्यात बंगाली कारागिरांचा हात नावाजलेला. रोज रात्री माझी ठणठण ऐकून कंटाळलेले दादा एकदा खाली उतरले. गिटार हातात घेतली, तारा आणि दांडी यांच्यामधल्या जागेत डोळा लावून पाहिलं आणि हसायलाच लागले. "अरे, ये तो लेटा के बजाने का है!"

त्यांनी ती मांडीवर आडवी ठेवली आणि डाव्या हातात धरायला काहीतरी गोल, गुळगुळीत मागितलं. चांदीची एक छोटी कांब पडली होती, ती दिली. दादांनी ती तारांवर नुसती टेकवली, दाबली नाही, आणि सरकवत एका जुन्या हिंदी गाण्याची सुरावट काढली. ज्या गिटारने मला इतके दिवस रडवलं, ती त्यांच्या मांडीवर माणसासारखी गात होती. ती हवाईयन गिटार होती. म्हणजे बांधणी साधी स्पॅनिश गिटारचीच, पण दांडीच्या टोकाला, जिथे तारा खाचांतून जातात त्या नटवर, धातूची एक पट्टी चढवून तारा मुद्दाम उचललेल्या. खालून पेन्सिल आडवी सरकवली असती तर अडली नसती. अशी गिटार दाबायची नसतेच, तिच्यावरून सळई फिरवायची असते. मी मात्र तीच तार बोटाने फ्रेटपर्यंत नेण्याचा हट्ट धरून बसलो होतो. (कांबीवर तारांचे बारीक चरे उठले होते. मामांनी ती दुसऱ्या दिवशी वजन करून आटवली.)

हवाई बेटांतलं हे वादन आपल्याकडे रुजलं ते मुख्यतः कोलकात्यात. टाऊ मो हा हवाईयन वादक 1940च्या दशकात आपल्या कुटुंबासह तिथे राहिला होता. पुढे व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी फिल्मी गाणी या गिटारवर वाजवून घराघरांत पोचवली. ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर राग वाजवले. 'कॉल ऑफ द व्हॅली' ही 1967ची तबकडी ऐकलेल्यांना शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी आठवते, काब्रांची गिटार मात्र पुष्कळांना सतार-सरोदासारखं काहीतरी वाटते. दादा त्यांच्या जवानीत हेच सगळं रेडिओवर ऐकून शिकले होते. मला ते शिकवायला तयारही होते. मी नको म्हणालो. मला मोबाइलवरच्या पोरासारखी उभी धरून, कॉर्ड मारत गाणी म्हणायची होती. दादांना ते लागलं असावं. आज वाटतं, तेव्हा नाही म्हणण्यात मी आणखी एक चूक केली. शिकवणारा वरच्या मजल्यावर राहत होता आणि गिटारही त्याला येणाऱ्याच प्रकारची होती.

उभी धरून वाजवता यावी म्हणून नटवरची पट्टी काढली तर खालचा मूळ नट निघाला, त्याच्या खाचाही उथळ. दादा म्हणाले, रविवारी बसून करू, थोडं थोडं घासू. रविवारपर्यंत कोण थांबतो? सराफ्यात बारीक कानशींना तोटा नाही. एका कारागिराची मागून आणली आणि रात्रीत सहाही खाचा घासल्या. मऊ लागायला लागलं म्हणून आणखी घासल्या. सकाळी तार छेडली तर झर्र झर्र. मोकळ्या तारा पहिल्या फ्रेटवर आपटत होत्या. सोन्याचं काम बिघडलं तर आटवून पुन्हा करता येतं, वजन तेवढंच राहतं. त्या सवयीने मी कानस चालवली आणि हाडाचा नट गेला तो गेलाच. दादांनी नवा बसवून दिला. एक खाच, मग तार लावून बघणं, मग चार हात कानस, पुन्हा तार. अख्खा रविवार गेला. ते बघत मी गप्प बसलो होतो.

बोटं आता फ्रेटवर सहज टेकत होती, पण कुठे टेकवायची तेही मी चुकीचं शिकलो होतो. दोन फ्रेटच्या बरोबर मधोमध दाबायचो. फ्रेटच्या अगदी मागे, तिला चिकटून दाबलं तर निम्म्या जोरात स्वच्छ आवाज येतो, हे उंच तारांच्या दिवसांत कळायची सोयच नव्हती. फ्रेटच्या पट्ट्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतात. तांबं, जस्त आणि निकेल, चांदी एक गुंजही नाही. मोडीत या धातूची भांडी चांदी म्हणून घेऊन येणारे आम्हाला आठवड्याला भेटतात.

गिटार मी ठेवायचो भट्टीच्या वरच्या खोलीत. सोनं शुद्ध करताना त्यात चांदी मिसळून सगळं नायट्रिकमध्ये टाकतात. चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तळाला राहतं आणि तांबूस वाफा वर चढतात. वर माझ्या पोलादी तारा. नव्या तारांना काही दिवसांतच काळे डाग पडायचे आणि मी तारा बनवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायचो. वाफेत काय काय खराब होतं हे मला गिऱ्हाइकांना समजावून सांगता यायचं!

पण खरी शोभा झाली ती गणपतीत. आम्ही गलाईवाली पोरं दुकानाच्या माडीवर गणपती बसवतो. आरतीला झांजा आणि ढोलकीच्या गलक्यात मी काय वाजवतोय ते कोणालाच ऐकू आलं नाही, त्यामुळे मी खुशीत. आरतीनंतर गोलबाजारकडच्या एका काकू पेटी घेऊन भजनाला बसल्या. पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात राहिलेलं मराठी घर त्यांचं. मला म्हणाल्या, "बाळ, तूही साथ कर." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला जी, सी, डी या तीन कॉर्ड येत होत्या, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाच. काकूंची पट्टी काळी चार, नेमका अर्धा सूर वर. पहिलाच फटका मारला आणि काकूंनी मान वळवून पाहिलं. दुसरी कॉर्ड धरली, तीही तशीच. मग मी काय केलं? डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून आवाज दाबला आणि उजवा हात हलवत राहिलो. संपूर्ण भजनभर. मागे बसलेल्यांना वाटलं, पोरगं रंगलंय.

काकूंना अर्थातच कळलं होतं. प्रसाद देताना हळूच म्हणाल्या, "अरे, 'मला पांढरी पाच येते' एवढं सांगितलं असतंस तर मी तिथून म्हटलं असतं." पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला असता तर त्याच तीन कॉर्ड काळी चारमध्ये वाजल्या असत्या. छोटा चिमटा तो. माझ्या खोळीत पडलेला होता, गिटार घेतल्यापासून. कशाचा आहे म्हणून मी कधी विचारलं नव्हतं.

आमच्यातल्या ढोलकीवाल्या पोराने नंतर आणखी एक गोष्ट सुनावली. माझा सगळा जीव डाव्या हातात आणि उजवा हात केहरव्याच्या आठ मात्रांत एकदाही बसत नाही. त्याने मला गिटार खाली ठेवून मांडीवर केहरवा धरायला लावला. ती शिकवणी अजून चालू आहे, तो फुकट शिकवतो आणि चहा मात्र रोज पितो.

तुम्ही जुनी गिटार घेणार असाल, तर दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरातच दोन गोष्टी बघा. बाराव्या फ्रेटवर जाड तार फ्रेटपासून साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तार दोनच्या आसपास असावी. मग प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटशी डोळा लावा. तिथे कागद जाईल एवढीच फट राहायला हवी. नटवर धातूची पट्टी दिसली तर विकणाऱ्याला विचारा, आणि वाजवणारं कोणी ओळखीचं असेल तर त्याला बरोबर घेऊन जा.